फाटकापलीकडची हिरवी गल्ली

उपाध्ये काकांनी वही काउंटरवर उघडून ठेवली आणि पेन माझ्याकडं सरकवलं. मी मात्र घसा ताणून विचारत होतो, "एरिया कुठला? एरिया?"

त्यांनी कानाला हात लावून मान हलवली. रांगेत मागं उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "अहो, त्यांना ऐकू येत नाही. तुम्ही ओरडला म्हणून येणार आहे होय?"

मी ओशाळलो आणि वही माझ्याकडं ओढली.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मिरजेत स्टेशन रोडला आमच्या कंपनीचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. घरोघरी फायबरचं इंटरनेट पुरवायचा धंदा. मी सर्व्हेला होतो. कुठल्या गल्लीत कनेक्शन देता येईल आणि कुठल्या नाही, हे ठरवणारा माणूस मी. सकाळी मोटरसायकलवर फिरायचं, दुपारी काउंटरवर बसायचं. वय सत्तावीस, खिशाला कंपनीचं ओळखपत्र आणि स्वतःबद्दल मत फार चांगलं. दिगंबर कोळेकर म्हणजे मिरजेचा नकाशा, असं मीच लोकांना सांगत असे.

वहीतलं अक्षर इतकं नेटकं होतं की आधी मला ते छापलेलंच वाटलं. लिहिलं होतं:

'माझे नाव भूपाल उपाध्ये. वय अडुसष्ट. सध्या ब्राह्मणपुरीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. तिथे इंटरनेट आहे. रेल्वे फाटकापलीकडे कुंदन कॉलनीत तळमजल्याचे घर मिळत आहे. तिथे तुमचे इंटरनेट मिळेल का? नक्की सांगावे.'

'नक्की'खाली दोन रेघा होत्या.

मी लिहिलं, 'वेबसाइटवर पिनकोड टाकून बघा. लगेच कळतं.' माझं अक्षर त्यांच्या अक्षराखाली भिकार दिसत होतं.

ते हसले. वहीची मागची पानं उलटून त्यांनी माझ्यापुढं धरली. तिथं तारीखवार सगळं मांडून ठेवलेलं होतं. अमुक तारखेला वेबसाइट पाहिली, पिनकोड टाकला, उत्तर आलं: अभिनंदन, आपल्या भागात सेवा उपलब्ध आहे. मग शंका आली म्हणून धरणाजवळच्या एका गावाचा पिनकोड टाकला. तिथंही अभिनंदन. मग चार आकडे मनाला येतील तसे बदलून टाकले. तिथंही अभिनंदन. ती वेबसाइट आमचीच होती.

पुढच्या पानावर दुसऱ्या एका कंपनीचं होतं. घरमालकाच्या सुनेनं त्यांच्या वतीनं फोन लावला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, चोवीस तासांत माणूस येऊन बघून जाईल. पुढं कंसात 'आला नाही' आणि त्यापुढं सहा तारखा. तिसऱ्या कंपनीनं सांगितलं होतं, आधी बुकिंग करा, मिळेल की नाही ते मग कळेल. कुंदन कॉलनीतला केबलवाला म्हणाला होता, पुढच्या आठवड्यात नक्की. ती नोंद एप्रिलमधली होती आणि आम्ही ऑक्टोबरात होतो. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं मात्र छातीठोक सांगितलं होतं की रेंज एकदम फुल्ल आहे. चौकशी केल्यावर कळलं, तो दुकानाच्या गच्चीवरच्या मोबाइलच्या रेंजबद्दल बोलत होता.

मला हसू आलं. त्यांनाही आलं. मग त्यांनी वही फिरवून घेतली आणि लिहायला लागले. रांगेतल्या बाई उसासे टाकत होत्या, पण काकांची घाई नव्हती.

'चाळीस वर्षे छापखान्यात खिळे जुळवले. न तपासता काही छापायला देण्याची सवय नाही. म्हणून पुन्हा पुन्हा विचारतो. राग मानू नये. माझी पत्नी इंदुमती, तिलाही ऐकू येत नाही. ती शाळेत गेली नाही, तिला वाचता येत नाही. आम्ही हातांनी बोलतो. ऑगस्टमध्ये तिला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. मुलीने बंगळुरूला उपचारासाठी नेले आहे. आता ती डाव्या हाताने बोलायला शिकत आहे. अक्षर अजून कच्चे आहे. चित्र स्पष्ट असेल तरच वाचता येते. रोज संध्याकाळी आम्ही दीड तास बोलतो. जानेवारीत ती परत येईल. तिला जिना चढता येणार नाही. म्हणून तळमजला पाहिजे. ही खोली सोडली की दुसरे भाडेकरू येणार, परत मिळणार नाही.'

मी वाचलं. वाचलं म्हणजे डोळ्यांखालून घातलं. लिहिलं, 'मोबाइलवर व्हिडिओ कॉल होत नाही का?'

'कॉलनी खोलात आहे, रेंज कमी. मोबाइलवर हात पुसट होतात.'

मी कंपनीचा नकाशा मोबाइलवर उघडला. जिथं कनेक्शन देता येतं त्या गल्ल्या हिरव्या आणि जिथं नाही त्या लाल, असा तो नकाशा. कुंदन कॉलनीच्या चारही गल्ल्या हिरव्यागार होत्या. त्या मीच फेब्रुवारीत हिरव्या केल्या होत्या. मी मोबाइल त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा वर करून नीट बघितलं आणि लिहिलं, 'आपण स्वतः पाहिले आहे का?'

'हो,' मी लिहिलं. 'उपलब्ध आहे.'

त्यांनी त्याखाली बोट ठेवलं. सही पाहिजे होती. मी सही ठोकली, तारीख घातली आणि वर ऑफिसचा शिक्काही मारला, कारण मला उशीर होत होता आणि त्या बाई आता मला ऐकू जाईल असं पुटपुटत होत्या. काकांनी शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घातली. जाताना त्यांनी दोन्ही हात जोडले.

एक नोव्हेंबरला ते कुंदन कॉलनीत राहायला गेले. त्याच सकाळी त्यांचा अर्ज आला आणि दुपारी नौशाद बारगीर कनेक्शन जोडायला गेला. केबल ओढणं आणि तारा जोडणं हे नौशादचं काम. तासाभरात तो परत आला आणि केबलचा ड्रम दाराशी टाकून माझ्यापुढं उभा राहिला.

"दिगू, पलीकडं आपला केबलचा डबा कुठाय?"

"फाटकाजवळच्या पोलवर."

"त्यो अलीकडं हाय. पलीकडं कुठाय म्हणतोय मी."

"अरे, दीडशे मीटरच्या आत येतंय ते घर. बघ की नकाशात."

"नकाशा ठेव तुझ्याजवळ. मधी रूळ हाईत. चार रूळ. केबल काय हवेतनं नेऊ?"

फेब्रुवारीतला तो दिवस मला चांगला आठवत होता. फाटक बंद होतं, मालगाडी उभी होती आणि ऊन मी म्हणत होतं. आमचा नियम असा की केबलच्या डब्यापासून दीडशे मीटरच्या आत घर असेल तर 'हो'. हे मीटर कुणी पायांनी मोजत नसे. डब्यावर बोट ठेवलं की मोबाइल एक वर्तुळ काढून द्यायचा, आणि वर्तुळात येईल ते सगळं हिरवं करून आम्ही पुढं निघायचो. सगळेच सर्व्हेवाले असंच करत. महिन्याला किती गल्ल्या हिरव्या झाल्या ते वरून विचारलं जायचं. कशा झाल्या ते कुणी विचारत नसे. त्या दिवशी मी गाडीवरून न उतरता वर्तुळ काढलं होतं. नकाशावर रूळ म्हणजे एक बारीक काळी रेघ होती.

"म्हातारा लई आशेनं उभा हुता," नौशाद म्हणाला. "मला आत नेऊन टेबल दावलं. मी सांगितलं, खुणेनं, की उद्या. काय सांगणार?"

मी सगरे सरांकडं गेलो. ते शाखेचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. दर सोमवारी आम्हाला स्वतःच्या खिशातनं चहा द्यायचा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"रुळाखालनं केबल न्यायची तर परवानगी काढावी लागते," ते म्हणाले. "आपण अर्जच केलेला नाही."

"करू या की मग."

"चार गल्ल्यांसाठी? कोण करतंय? आणि केला तरी सात-आठ महिने कुठं गेले नाहीत."

"मग त्यांना काय सांगू? सही-शिक्का दिलाय मी."

"शिक्का कशाला मारलास? बरं, आठ दिवस सांग. आठ दिवसांनी परत आठ दिवस सांग. माणूस कंटाळतो आणि आपली सोय बघतो. आपल्याला नाही म्हणायचा वाईटपणा येत नाही. आणि ते हिरवं लाल करू नकोस. महिनाअखेर आहे."

नोव्हेंबरची एक तारीख होती, पण मी महिनाअखेरीबद्दल काही बोललो नाही. मला तो सल्ला सोयीचा वाटला होता.

चौथ्या दिवशी काका आले. मी लिहिलं, 'आठ दिवसांत होईल.' त्यांनी मान डोलावली आणि तारीख टिपून घेतली. बाराव्या दिवशी परत आले. त्यांची दाढी वाढलेली होती. वही उघडायच्या आधी त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. मुलीचा मेसेज होता. 'आई हात हलवत नाही, बाबा. व्यायामाला बाई येतात त्यांच्याकडं बघतसुद्धा नाही. मी खुणा करते तर डोळे मिटून घेते. भिंतीकडं तोंड करून पडते. लाइन कधी येणार?'

मी वाचून मोबाइल परत दिला आणि लिहिलं, 'आठ दिवसांत.'

त्यांनी लिहिलं, 'जुन्या घरमालकांकडे दोनदा जाऊन बसलो. नव्या भाडेकरूंकडे तान्हे मूल आहे. रोज जाणे बरे दिसत नाही. आठ दिवस नक्की?'

मी मान डोलावली. लिहिण्यापेक्षा ते सोपं होतं.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या ऑफिसात मागच्या खोलीत गावातली सगळ्यात चांगली लाइन होती. संध्याकाळी साडेसहानंतर तिथं कुणी नसायचं. काकांना एक खुर्ची टाकून दिली असती तर रोज दीड तास ते बायकोशी बोलू शकले असते. हे मला सुचलं नाही असं मी अनेक वर्षं सांगत होतो. सुचलं होतं. बाराव्या दिवशी त्यांचा मोबाइल हातात असतानाच सुचलं होतं. पण त्यांना ऑफिसात बोलावलं असतं तर रोज त्यांच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं, आणि आठ दिवसांचं खोटं रोज समोर बसलं असतं. म्हणून मी बोललो नाही. त्यानंतर ते एकदा आले तेव्हा मी मागच्या खोलीत जाऊन उभा राहिलो आणि काउंटरवरच्या मुलीनं मी सांगितलं तेच लिहून दिलं.

एकोणीस तारखेला दुपारी मी मावशीला कोल्हापूरच्या गाडीत बसवून द्यायला स्टेशनवर गेलो होतो. तिची गाडी सुटली आणि मी परत निघालो, तर पुलाखालच्या बाकावर काका बसलेले दिसले. समोर पिशवीला टेकवून टॅबलेट उभा केला होता. स्टेशनवर फुकट वायफाय असतं ते पकडून ते बोलत होते. दोन्ही हात छातीपुढं, बोटं भराभरा चाललेली, भुवया वर-खाली. शेजारच्या बाकावरची दोन कॉलेजची पोरं त्यांच्याकडं बघून दात काढत होती.

मी पळ काढणार होतो. पण टॅबलेट माझ्याकडं तोंड करून होता म्हणून पडदा दिसला. उशांना टेकून बसवलेल्या एक बाई होत्या. डावा हात अर्धवट वर आलेला, आणि चित्र तिथंच अडकलेलं. तो हात वर जातोय की खाली, तेसुद्धा कळत नव्हतं. काका त्या अडकलेल्या चित्राशी बोलत होते. बोलून झालं की थांबायचे, पडद्याकडं टक लावायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं की ते तेच ते बोलतायत.

मी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी दचकून बघितलं आणि हात मांडीवर ठेवले. मी त्यांच्या वहीकडं बोट केलं. त्यांनी दिली.

'रोज येता इथे?'

'रोज. संध्याकाळी गर्दी असते म्हणून दुपारी.'

'दिसतं का काही?'

'दहा-पंधरा मिनिटांनी एकदा हलते. तोवर तिचा हात खाली गेलेला असतो.'

'काय सांगत होता?'

'जेवलीस का, एवढेच.'

मी पेन धरून बसलो. ध्वनिक्षेपकावर कुठल्या तरी गाडीची घोषणा चालली होती, ती संपेपर्यंत मी थांबलो. जणू काही ती त्यांना ऐकू जाऊन व्यत्यय येणार होता. मग लिहिलं. कधी नव्हे ते अक्षर सावकाश काढलं.

'काका, कुंदन कॉलनीत इंटरनेट येणार नाही. रुळापलीकडे आमची केबलच नाही. मी फाटकाच्या अलीकडे गाडीवर बसून ती गल्ली हिरवी केली होती. पलीकडे जाऊन पाहिलं नव्हतं. आठ दिवस, आठ दिवस म्हटलं तेही खोटं होतं.'

त्यांनी वाचलं. ओळीखालून बोट फिरवत परत एकदा वाचलं, पहिल्या शब्दापासून. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर मला बरंच वाटलं असतं.

'कधीच नाही?' त्यांनी लिहिलं.

'आठ महिने तरी नाही. बहुधा कधीच नाही.'

'नक्की?'

'नक्की.'

त्यांनी टॅबलेट मिटला. पडद्यावरच्या बाई, तो अर्धा हात, सगळं गेलं. मान वर करून त्यांनी फलाटावरच्या घड्याळाकडं बघितलं. मग लिहिलं, 'बंगळुरूची गाडी किती वाजता?'

दुपारची गाडी यायला चाळीस मिनिटं होती. मी लिहिलं, घरी जाऊन कपडे घेऊन या, उद्या जा, मी रिझर्वेशन बघतो. त्यांनी वाचायचेही कष्ट घेतले नाहीत. उठून तिकीट खिडकीकडं चालायला लागले. मी पुढं पळालो आणि त्यांच्यासाठी रांगेत उभा राहिलो. तेवढंच माझ्या हातात होतं. त्यांच्याजवळ एक कापडी पिशवी होती. तिच्यात टॅबलेट, वही, पाण्याची बाटली आणि दोन केळी. एवढ्यावर ते निघाले.

गाडी आली तेव्हा त्यांनी खिशातून घराची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि उभ्या उभ्या वहीचं अर्धं पान फाडून दिलं. 'दूध बंद करायला सांगा. मागची खिडकी उघडी आहे, मांजर येते.' मग चढले. जनरलच्या डब्यात दाराशीच जागा मिळाली. गाडी हलली तरी ते माझ्याकडं बघत होते. रागानं नाही, आणि मायेनंही नाही. मी हात वर केला, पण काय खूण करायची ते मला येत नव्हतं.

तिथूनच मी कुंदन कॉलनीत गेलो. फाटक उघडं होतं, तरी गाडी अलीकडं लावली आणि चालत रूळ ओलांडले. एक, दोन, तीन, चार.

घरात फारसं सामान नव्हतं, पण जे होतं ते सगळं कुणीतरी येणार म्हणून मांडलेलं होतं. न्हाणीत भिंतीला धरायच्या दांड्या नव्यानं बसवलेल्या होत्या, दोन्ही डाव्या बाजूला. उंबऱ्यावर फळी टाकून उतार केला होता. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ टेबल, टेबलावर जुन्या पुस्तकांची चळत, टॅबलेट बरोब्बर चेहऱ्याच्या उंचीला यावा म्हणून रचलेली. समोर खुर्ची. खुर्चीच्या चारही पायांभोवती जमिनीवर खडूनं खुणा केल्या होत्या, म्हणजे ती रोज त्याच जागी यावी. आणि खुर्चीमागच्या भिंतीवर एक पांढरी चादर ताणून बसवली होती, इस्त्री केलेली, एक सुरकुती नसलेली. भिंत निळ्या रंगाची आणि पोपडे आलेली होती. तिच्यापुढं हात नीट दिसले नसते.

मी त्या खुर्चीत बसलो आणि मला रडू आलं. खिडकीत मांजर येऊन उभं होतं, ते मी उठेपर्यंत तिथंच थांबलं.

दूध बंद केलं. खिडकी लावली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन कुंदन कॉलनीच्या चारही गल्ल्या लाल केल्या, आणि मग बसल्या बसल्या बाकीचा नकाशाही उघडला. ओढ्यापलीकडच्या दोन आळ्या, मिलिटरीच्या भिंतीमागची एक सोसायटी, कारखान्याच्या हद्दीला लागून असलेली घरं. ज्या ज्या ठिकाणी मी पाय ठेवला नव्हता ती सगळी लाल केली. दुपारी सगरे सरांनी बोलावलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

"तुला कळतंय का काय केलंस ते? वर काय सांगू मी?"

"चालत जाऊन बघतो म्हणून सांगा. जिथं मिळेल ते हिरवं करतो."

"चालत," ते म्हणाले. "मिरज काय तुझ्या परसात आहे?"

त्यांनी मला सर्व्हेवरून काढून पूर्णवेळ काउंटरवर बसवलं. मी बसलो.

काका फेब्रुवारीत आले. सकाळी ऑफिस नुकतंच उघडलं होतं आणि मी झाडू मारणाऱ्या मावशींशी वाद घालत होतो. ते पायऱ्या चढून आले, काउंटरपुढं उभे राहिले आणि तळहात पुढं केला. किल्ली पाहिजे होती. ती मी खणात ठेवलेली होती. या वेळी त्यांच्याजवळ वही नव्हती. मी एका कोऱ्या अर्जाची मागची बाजू त्यांच्यापुढं केली आणि आधी मीच लिहिलं, 'काकू कशा आहेत?'

त्यांनी पेन घेतलं.

'गेली. एक डिसेंबरला. दुसरा झटका आला.'

मग त्यांनी कागद आपल्याकडं ओढला आणि बराच वेळ लिहीत राहिले. अक्षर तसंच, छापल्यासारखं.

'मी पोचलो तेव्हा भिंतीकडे तोंड होते. रागावली होती. मुलीने सांगितले ते तिला पटले नव्हते. तिला वाटले, हात गेला म्हणून मी बोलणे सोडले. पहिला दिवस माझ्याकडे बघितलेच नाही. दुसऱ्या दिवशी भांडली. डाव्या हाताने फार चांगले भांडली. मग बोलली. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत. लग्नातले, छापखान्यातले, तिच्या आईचे. काही गोष्टी मला चाळीस वर्षांत ठाऊक नव्हत्या. अकरा दिवस बोलली. आता घर रिकामे करायला आलो आहे. मुलीकडे राहीन.'

मी वाचलं. या वेळी खरंच वाचलं. पेन घेतलं आणि लिहिलं, 'आधीचे एकोणीस दिवस माझ्यामुळे गेले.'

आमच्याकडं अशा वेळी वडीलधारी माणसं पाठीवर हात ठेवतात आणि जाऊ दे, तुझा काय दोष, असं म्हणतात. मी ते वाक्य तेवढ्यासाठीच लिहिलं होतं, हे मला आता कळतं. तेव्हा मी मान खाली घालून वाट बघत होतो.

काकांनी वाक्य वाचलं. माझ्याकडं बघितलं. मग माझ्या वाक्याखाली लिहिलं, 'हो.'

पेन खाली ठेवतायत असं वाटलं, पण त्यांनी ते परत टेकवलं.

'आणि नंतरचे अकराही तुमच्यामुळेच.'

ते किल्ली घेऊन पायऱ्या उतरले आणि फाटकाच्या दिशेनं चालू लागले.